दातांवर उमटलेला पाण्याचा हिशेब

नळजोडण्यांची संख्या वाढली ही मोठी कामगिरी आहे. मात्र त्या नळातून आलेल्या पाण्याने मुलांच्या शरीराचे काय केले, याची नोंद कोणत्याही जलमापकावर होत नाही. ती मुलांच्या दातांवर होते, आणि ती वाचण्याची वेळ आता आली आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ग्रामीण पेयजल योजनांची पाहणी करणाऱ्या केंद्राच्या एका पथकात मी कनिष्ठ सदस्य होतो. दख्खनच्या पठारावरील एका कोरडवाहू जिल्ह्यात आम्ही गेलो होतो. गावातील शाळेत शिरलो तेव्हा मुले उभी राहिली, आणि कुणीतरी काहीतरी गमतीचे बोलल्यावर हसली. हसताना वर्गातील जवळजवळ प्रत्येक मुलाने तोंडावर हात धरला. प्रथम मला तो लाजाळूपणा वाटला. मग शिक्षकांनी एका मुलीला पुढे बोलावून तिचे दात दाखवले. पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते, मधूनच खडूसारखे पांढरे ठिपके. ‘‘कितीही सांगा, ही मुले दात घासत नाहीत,’’ शिक्षक म्हणाले. मुलगी हळू आवाजात काही बोलली. सोबतच्या तहसीलदारांनी ते आम्हाला सांगितले : ‘‘ती म्हणते, साहेब, मी रोज दोनदा घासते.’’ तिच्या हिरड्या सोललेल्या होत्या. डाग जावेत म्हणून ती विटेच्या भुकटीने दात घासत होती.

त्याच दुपारी आम्ही गावातील फ्लोराइड निर्मूलनाचे छोटे संयंत्र पाहिले. ते नवे होते, रंगवलेले होते आणि त्या दिवशी चालू होते. मी टिपणात लिहिले, ‘वस्ती आवृत’. म्हणजे या वस्तीला सुरक्षित पाणी मिळाले, तिचे नाव यादीतून वजा करावे. काही वर्षांनी दिल्लीत दुसऱ्या पदावर असताना ‘पुन्हा घसरलेल्या वस्त्यां’ची यादी माझ्यासमोर आली आणि तीत त्या गावाचे नाव होते. आमच्या भेटीनंतर काही महिन्यांतच संयंत्र बंद पडले होते. मधल्या काळात कागदावर ते गाव सुरक्षित पाणी पीत होते. त्या कागदावर माझी सही होती.

एका डागाचा शोध

त्या शिक्षकांचा दोष फारसा नव्हता. अस्वच्छ तोंड आणि अशुद्ध पाणी यांतला फरक उघड्या डोळ्यांना सहज दिसत नाही, आणि वैद्यकशास्त्रालाही तो ओळखायला तीन दशके लागली. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला, तेव्हा तिथल्या रहिवाशांच्या दातांवर त्याला असेच तपकिरी डाग दिसले. त्याला संशय पाण्याचा होता, पण पाण्यातील नेमका घटक सापडत नव्हता. १९३१ मध्ये चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने तो शोधून काढला : फ्लोराइड. गंमत अशी, की हे डागाळलेले दात किडत मात्र कमी होते. त्यातूनच पुढे अल्प प्रमाणात फ्लोराइड पाण्यात मिसळण्याची कल्पना निघाली आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स या शहरात ती अमलात आली.

भारतातील कहाणी नेमकी उलट दिशेची आहे. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. तिथल्या शेतकऱ्यांना त्याआधीच बैलांचे सांधे आखडल्याचे, त्यांना चालणे जड झाल्याचे जाणवले होते, असे सांगितले जाते. आपल्याकडे प्रश्न फ्लोराइड मिसळण्याचा कधीच नव्हता. निसर्गाने ते अनेक जागी गरजेपेक्षा कितीतरी अधिक मिसळून ठेवले होते. १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सिद्दीकी यांनी हैदराबाद राज्यातील नलगोंडा जिल्ह्यावर लेख लिहिला आणि हे नाव जागतिक वैद्यकीय साहित्यात कायमचे नोंदले गेले.

नलगोंड्याच्या जमिनीखाली ग्रॅनाइट जातीचे कठीण खडक आहेत. त्यांतील काही खनिजांत फ्लोराइड असते. पाऊस कमी, पाण्याचा खडकाशी संपर्क दीर्घकाळ, पाणी अल्कधर्मी आणि त्यात कॅल्शियम कमी, अशी परिस्थिती जुळली की ते पाण्यात अधिकाधिक विरघळत जाते. भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यापुढे प्रथम दात बोलू लागतात. प्रमाण आणखी वाढले आणि वर्षे लोटली, की पाळी हाडांची येते. मान वळत नाही, पाठीचा कणा ताठ होतो, सांधे दुखतात. हे दुखणे संधिवात समजून लोक वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेत राहतात. अखेरच्या टप्प्यात कणा वाकतो, मज्जातंतू दबतात आणि माणूस अंथरुणाला खिळतो. यावर औषध नाही. सुरुवातीलाच पाणी बदलले आणि आहार सुधारला तर दुखणे कमी होऊ शकते, एवढेच.

गरिबी हा विकार आणखी गडद करते. आहारात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पुरेसे असेल तर शरीर काही प्रमाणात तग धरते. ज्या घरात दूध आणि भाजी रोज नाही, त्या घरातील मुलाच्या हाडांवर त्याच पाण्याचा घाव अधिक खोल बसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये आंध्रातील फ्लोराइडग्रस्त भागांत गुडघे आतल्या बाजूला वळलेल्या तरुणांचे वर्णन केले, तेव्हापासून पाणी आणि ताट यांचा हा संबंध आपल्याला ठाऊक आहे.

हातपंपाने दिलेले आणि घेतलेले

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या कहाणीतील एक वळण फार महत्त्वाचे वाटते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, विशेषतः बिहारच्या दुष्काळानंतर, युनिसेफच्या मदतीने देशात विंधन विहिरी खोदण्याची यंत्रे आली. सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा टणक हातपंप तयार झाला. त्याची पूर्वपीठिका जालना आणि सोलापूर येथे विकसित झालेल्या पंपांत आहे, हे मराठी वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. या पंपाने देशाचे चित्र बदलले. उघड्या विहिरी आणि पायविहिरींचे गढूळ पाणी पिणे कमी झाले. नारूसारखा हजारो वर्षांचा रोग आपण हद्दपार केला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. या यशात बंदिस्त हातपंपांचा वाटा होता.

पण जंतूंपासून सुरक्षित असलेले हे खोलवरचे पाणी रसायनांच्या दृष्टीने निर्धोक होते का, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही. उथळ विहिरींतही फ्लोराइड होतेच. परंतु पाणी जितके खोल, तितका त्याचा खडकाशी सहवास अधिक. राजस्थान, गुजरात, आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेशातील झाबुआ आणि आपल्याकडील यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांनी याची किंमत मोजली. गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः पश्चिम बंगालमध्ये, हीच शोकांतिका आर्सेनिकच्या रूपाने घडली. स्वच्छ दिसणाऱ्या, गार, चवीला बऱ्या पाण्यातही विष असू शकते, हे लोकांना पटवणे अतिशय कठीण असते.

नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने सत्तरच्या दशकात यावर शोधलेला उपाय ‘नलगोंडा तंत्र’ म्हणूनच ओळखला जातो. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात ठरावीक प्रमाणात घालायची, ढवळायचे, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. घरातील बादलीपासून गावाच्या संयंत्रापर्यंत वापरता येईल असे हे स्वस्त तंत्र होते. मात्र त्याला रोज मोजमाप लागते, रोज माणूस लागतो. पाण्यातील फ्लोराइड बदलले की तुरटीचे प्रमाणही बदलावे लागते. गाळ कुठे टाकायचा, हा प्रश्न वेगळाच. माझ्या टिपणातील गावात नेमके हेच घडले. संयंत्रासाठी निधी होता. तुरटीसाठी आणि ती घालणाऱ्या माणसाच्या पगारासाठी नव्हता.

४८० उमेदवारांची मतपत्रिका

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत नलगोंडा मतदारसंघातून ४८० उमेदवार उभे राहिले. दुशर्ला सत्यनारायण यांच्या जल साधना समितीने कृष्णेचे पाणी मिळावे म्हणून केलेले ते आंदोलन होते. मतपत्रिका पुस्तिकेसारखी छापावी लागली. त्याच निवडणुकीत सीमाप्रश्नावरून बेळगावात ४५६ उमेदवार होते, हे मराठी वाचकांना आठवत असेल. दोन्हीकडे भावना एकच होती : आमचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नसेल, तर ते मतपत्रिकेवर तरी उमटू दे.

राज्यव्यवस्थेने त्यावर त्वरित उत्तर दिले. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन लोकसभेसाठीची अनामत रक्कम पाचशे रुपयांवरून दहा हजारांवर गेली आणि अपक्षाला अधिक सूचक लागू लागले. निवडणूक यंत्रणेच्या दृष्टीने ही दुरुस्ती समजण्यासारखी होती. मीही तेव्हा तिचे समर्थन केले. परंतु मतपत्रिका लहान करण्यास आपल्याला काही महिने लागले आणि पाणी पोहोचवण्यास दोन दशके, ही तुलना आज टाळता येत नाही. ज्या जिल्ह्याच्या सीमेवर नागार्जुनसागरसारखे धरण उभे आहे, त्या जिल्ह्यात ही वेळ यावी, हेही विसरता येत नाही. कृष्णेचे पाणी बोगद्यातून नलगोंड्याकडे नेणारा श्रीशैलम डावा कालवा अजून अपूर्णच आहे. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्या बोगद्याचा भाग कोसळून आठ जण आत अडकले, तेव्हा या लांबलेल्या कामाची देशाला पुन्हा आठवण झाली.

पिण्याच्या पाण्याबाबत चित्र पालटले, हे मात्र नमूद करायलाच हवे. तेलंगण राज्याच्या निर्मितीनंतर ‘मिशन भगीरथ’ योजनेतून नद्या आणि जलाशयांचे शुद्ध केलेले पाणी घरोघरी नेण्यात आले, आणि सरकारी नोंदीनुसार २०२० पर्यंत राज्यातील फ्लोराइडबाधित वस्त्यांची संख्या शून्यावर आली. देशपातळीवर १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा ग्रामीण भागातील ३ कोटी २३ लाख घरांत, म्हणजे सुमारे १७ टक्के घरांत, नळ होता. आज हा आकडा १५ कोटींच्या पुढे आहे. स्वतंत्र भारतातील मोठ्या प्रशासकीय कामगिरींत याची गणना व्हावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तरीही ‘वस्ती आवृत’ असे लिहिणारा माझा हात मला आठवतो. नळजोडणी ही एका दिवसाची घटना आहे. सुरक्षित पाणी ही रोजची. उन्हाळ्यात जलाशय आटला, वीजबिल थकले, जलवाहिनी फुटली, की गाव निमूटपणे जुन्या हातपंपाकडे वळते. संकेतस्थळावरील नळ मात्र हिरवाच राहतो.

मुलांचे दात : एक विनाखर्चाचे दफ्तर

येथेच दात आपल्या मदतीला येऊ शकतात. कायमच्या दातांचे आवरण जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हिरडीच्या आतच घडत असते. पुढच्या दातांचे साधारण पहिल्या चार-पाच वर्षांत. त्या काळात पोटात गेलेल्या जादा फ्लोराइडची खूण आवरणावर राहते आणि ती पुढे पुसली जात नाही. हे दात हिरडीबाहेर येतात सहाव्या ते आठव्या वर्षी. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाचे पुढचे दात हे त्याने चार वर्षांपूर्वीपर्यंत काय प्यायले याचे दफ्तर असते. त्यात कोणत्याही अधिकाऱ्याला खाडाखोड करता येत नाही.

जल जीवन मिशनच्या वर्षी जन्मलेली मुले आता सात वर्षांची होत आहेत. त्यांचे कायमचे दात आत्ता येत आहेत. तेलंगणातील ‘भगीरथ’च्या आरंभी जन्मलेली मुले त्यांच्याही पुढे आहेत. एखाद्या गावातील दहावीच्या मुलांचे दात डागाळलेले आणि तिसरीच्या मुलांचे स्वच्छ असतील, तर त्या गावात पाणी खरोखर बदलले. दोन्ही वर्गांत डाग सारखेच असतील, तर नळ असो वा नसो, मुले जुनेच पाणी पीत होती.

यासाठी नवी योजना लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात आणि दातही पाहतात. फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. मौखिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही दशकभरापासून आहे. अडचण अशी, की दात आरोग्य मंत्रालयाकडे आणि पाणी जलशक्ती मंत्रालयाकडे. शाळेतील तपासणीत बारा मुलांच्या दातांवर डाग आढळले, ही माहिती पाणीपुरवठा अभियंत्याच्या टेबलावर जाईल अशी वाट आपण बांधलेलीच नाही. मी सेवेत असताना या दोन धारिका एकमेकींना क्वचितच भेटत. जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर वर्षातून एकदा त्या शेजारी ठेवल्या, तरी पुष्कळ काही उघड होईल.

दुसरी गोष्ट सल्ल्याची. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासणे हा कीड रोखण्याचा सिद्ध उपाय आहे आणि देशातील बहुसंख्य मुलांसाठी तोच योग्य आहे. पेस्टमधील फ्लोराइड दातांच्या पृष्ठभागावर काम करते आणि थुंकून टाकायचे असते. पाण्यातील फ्लोराइड पोटात जाते. मात्र लहान मूल पेस्ट गिळते. म्हणून सहा वर्षांखालील मुलांना वाटाण्याएवढी किंवा त्याहून कमी पेस्ट मोठ्यांच्या देखरेखीखाली द्यावी. ज्या गावात पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे याची काटेकोर काळजी घ्यावी आणि पाणी तपासूनच सल्ला द्यावा. सबंध देशाला एकच भित्तीपत्रक पुरेसे नाही. तसेच डाग घालवण्यासाठी विटेची भुकटी, राख किंवा मिश्री वापरणाऱ्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे, की हा डाग घासून जाणारा नाही. घासण्याने आवरण झिजते आणि मिश्रीतील तंबाखू तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे, तरी भाजलेल्या तंबाखूने दात घासण्याची सवय आपल्या महाराष्ट्रात घरोघरी टिकून आहे.

तोंड हे शरीराचे वेगळे खाते नाही. हिरड्यांचा जुनाट आजार आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात, हे आता सर्वमान्य आहे. ज्याचे दात दुखतात तो भाकरी आणि कच्ची भाजी टाळतो, मऊ आणि गोड खातो, आणि कुपोषण किंवा लठ्ठपणा यांपैकी एकाच्या वाटेला लागतो. देशात तीनशेहून अधिक दंतवैद्यक महाविद्यालये आहेत, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचा डॉक्टर सहसा नसतो. अशा देशात प्रतिबंध हाच उपचार आहे, आणि त्याची सुरुवात घडवंचीवरील हंड्यापासून होते.

तिसरी गोष्ट पैशांची. योजना बांधण्यासाठी केंद्र आणि राज्ये निधी देतात. चालवण्याचा भार मात्र अखेर ग्रामपंचायतीवर येतो. पाणीपट्टीतून वीजबिलही निघत नाही, तिथे शुद्धीकरणाच्या माध्यमासाठी पैसा कुठून येणार? फ्लोराइड आणि आर्सेनिकग्रस्त गावांसाठी देखभालीचा वेगळा, बांधील निधी असावा आणि तो पाण्याच्या नियमित तपासणीच्या निकालाशी जोडलेला असावा. मिशनअंतर्गत प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या तपासणीचा निकाल ग्रामसभेच्या फलकावर लिहिला जावा, तालुक्याच्या संगणकात बंद राहू नये.

त्या शाळेतील मुलगी आज चाळिशीत असेल. तिचे दात बदललेले नसतील, आणि गुडघ्यांची काय अवस्था असेल याचा विचार मी टाळतो. पण तिची मुले किंवा नातवंडे कदाचित त्याच शाळेत आज पहिली-दुसरीत असतील. त्या गावाच्या नावापुढे पुन्हा एकदा ‘आवृत’ लिहिण्यापूर्वी, जो कोणी तरुण अधिकारी तिथे जाईल त्याने संयंत्र आणि नळ पाहून झाल्यावर दहा मिनिटे वर्गात बसावे आणि मुलांना हसवावे. ती तोंडावर हात धरतात का, एवढे पाहावे. मग सही करावी.